तयार पॉवर स्टेशन घ्यावे की संच स्वतः जुळवावा?

पावसाळा तोंडावर आला की समाजमाध्यमांवर पोर्टेबल पॉवर स्टेशनच्या जाहिराती वाढतात आणि त्यांच्या पाठोपाठ ‘हेच यंत्र निम्म्या किमतीत घरी बनवा’ असे सांगणारे व्हिडिओही दिसू लागतात. या विषयाचे कुतूहल उगाच वाढलेले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड या पट्ट्यातील अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई महानगराचाही वीजपुरवठा काही तास कोलमडला आणि विजेची पर्यायी सोय हा केवळ खेड्यांचा प्रश्न नाही हे शहरांनाही उमगले.

पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे बॅटरी, ती भरणारा चार्जर, तिच्यातील वीज घरगुती २३० व्होल्टमध्ये बदलून देणारा इन्व्हर्टर आणि या सर्वांवर लक्ष ठेवणारी नियंत्रण यंत्रणा, असे सारे काही एकाच उचलता येण्याजोग्या खोक्यात बसवलेले यंत्र. यातील प्रत्येक भाग बाजारात सुटाही मिळतो, म्हणूनच ते घरी जुळवण्याची कल्पना पुढे येते. प्रश्न सहसा ‘तयार की घरगुती’ असा विचारला जातो. माझ्या मते तो थोडा वेगळा विचारायला हवा: यातील कोणते काम दुसऱ्याकडून करून घेण्यातच शहाणपण आहे, आणि कोणते आपण किंवा आपला ओळखीचा वायरमन निर्धास्तपणे करू शकतो?

## वॅट आणि वॅट-तास

जाहिरातीत दोन आकडे ठळक छापलेले असतात आणि बहुतेक गोंधळ त्यांच्यातूनच होतो. एक असतो वॅटचा, दुसरा वॅट-तासाचा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार केला तर वॅट-तास म्हणजे टाकीत मावणारे पाणी आणि वॅट म्हणजे नळातून एका वेळी पडू शकणारी धार. टाकी मोठी पण नळ बारीक असेल तर पाणी पुष्कळ दिवस पुरेल, मात्र बादली भरायला वेळ लागेल. नळ मोठा आणि टाकी लहान असेल तर धार जोरदार येईल, पण टाकी पाहता पाहता रिकामी होईल. महावितरणच्या बिलावर जे एक युनिट दिसते ते म्हणजे १००० वॅट-तास.

उदाहरण म्हणून इकोफ्लो कंपनीचे डेल्टा २ हे परदेशात बरेच खपलेले यंत्र घेता येईल. त्याची क्षमता १०२४ वॅट-तास, म्हणजे जेमतेम एक युनिट आहे. इन्व्हर्टर १८०० वॅटचा आणि वजन सुमारे १२ किलो आहे. १८०० वॅटचा आकडा वाचून ‘यावर इंडक्शनची शेगडीसुद्धा चालेल’ असे वाटते आणि मध्यम आचेवर ती खरोखर चालतेही, परंतु अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी संपते. बिलावर आपण ज्याची किंमत काही रुपयांत मोजतो ते एक युनिट साठवून ठेवणे किती महाग आहे, हे या व्यवहारात प्रथमच लक्षात येते.

बॅटरीच्या अंगावर क्षमता वॅट-तासाऐवजी अँपिअर-तासात लिहिलेली असली तर तिला व्होल्टने गुणावे. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास म्हणजे १२८० वॅट-तास. तुलना नेहमी वॅट-तासांतच करावी, कारण अँपिअर-तासाचा आकडा व्होल्टेज न सांगता छापला की तो मनाला येईल तेवढा मोठा दाखवता येतो.

## गरज कागदावर मांडणे

कोणतेही यंत्र पाहण्याआधी पाठकोऱ्या कागदावर करायचा हा हिशेब आहे. समजा रात्रभर वीज नाही आणि घरात ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) पंखे ८ तास, ९ वॅटचे चार दिवे ५ तास, १० वॅटचा राउटर १० तास, ५० वॅटचा लॅपटॉप ३ तास चालवायचा आहे आणि दोन मोबाइल भरायचे आहेत. पंख्यांचे ४८०, दिव्यांचे १८०, राउटरचे १००, लॅपटॉपचे १५० आणि मोबाइलचे साधारण ३० असे मिळून ९४० वॅट-तास होतात.

एक युनिटच्या यंत्रात हे बसेल असे वाटते, पण ते बसत नाही. बॅटरीतील वीज २३० व्होल्टमध्ये बदलताना इन्व्हर्टर दहा-पंधरा टक्के स्वतःच खातो, त्यामुळे ९४० मिळवण्यासाठी बॅटरीतून सुमारे ११०० वॅट-तास काढावे लागतात. शिवाय काहीही जोडलेले नसताना, नुसते २३० व्होल्टच्या सॉकेटचे बटण चालू ठेवले तरी अनेक यंत्रे १० ते २० वॅट ओढत राहतात. १५ वॅट धरले तर चोवीस तासांत ३६० वॅट-तास, म्हणजे छोट्या यंत्राची तिसरा हिस्सा क्षमता, काहीही न करता निघून जाते. ही गोष्ट जाहिरातीत नसते, आणि घरगुती संचालाही ती तितकीच लागू आहे.

या हिशेबातून निघणारा सर्वांत किफायतशीर सल्ला बॅटरीविषयी नाहीच. हेच दोन पंखे जुन्या पद्धतीचे, प्रत्येकी ७५ वॅटचे असते तर पंख्यांनाच १२०० वॅट-तास लागले असते. म्हणजे दोन बीएलडीसी पंखे बसवल्याने एका रात्रीत ७२० वॅट-तासांची बचत होते. तेवढी वीज साठवणारी बॅटरी दोन पंख्यांपेक्षा पुष्कळ महाग पडते. ज्यांना फक्त राउटर चालू ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी तळहाताएवढा राउटर-यूपीएस मिळतो आणि त्यांनी हा लेख येथे सोडला तरी चालेल.

फ्रिज, मिक्सर आणि पाण्याचा पंप यांचा विचार वेगळा करावा लागतो. फ्रिज दिवसाला अर्धे ते एक युनिट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याची मागणी कित्येक पट वाढते. एक अश्वशक्तीचा पंप चालताना सुमारे हजार वॅट घेतो आणि सुरू होताना त्याच्या अनेक पट. इन्व्हर्टर हा क्षणिक भार झेलू शकला नाही तर यंत्र बंद पडते. विहिरीवरचा पंप पॉवर स्टेशनवर चालवण्याचा बेत जवळजवळ नेहमीच तोट्याचा ठरतो.

## खोक्याच्या आत काय असते

आजच्या चांगल्या यंत्रांत लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाची बॅटरी असते. पुढे तिला एलएफपी म्हणू. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातील गटाने हे रसायन १९९० च्या दशकात पुढे आणले. लिथियम-आयन बॅटऱ्यांवरील कामासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांत गुडइनफ होते. दुसरे प्रचलित रसायन निकेल-मँगनीज-कोबाल्टचे, अर्थात एनएमसी. ते तेवढ्याच विजेसाठी हलके पडते, पण साधारण ५०० ते १००० वेळा पूर्ण भरून-रिकामे केल्यावर त्याची क्षमता बरीच घटते, तर एलएफपी तीन हजारांच्या आसपास आवर्तने सहज देते. मोबाइलसाठी वजन महत्त्वाचे असते. घराच्या कोपऱ्यात बसणाऱ्या यंत्रासाठी आयुष्य आणि सुरक्षितता महत्त्वाची. त्यामुळे जुन्या साठ्यातील एनएमसीचे यंत्र सवलतीत मिळत असेल तर ती सवलत कशाची आहे हे ओळखावे.

मात्र ‘तीन हजार आवर्तने’ या आकड्याने फार भारून जाऊ नये. ज्या घरी वर्षातून वीस-पंचवीस वेळाच दीर्घकाळ वीज जाते, त्या घरी तीन हजार आवर्तने संपायला शतकाहून अधिक काळ लागेल, आणि बॅटरी त्याच्या कितीतरी आधी नुसत्या वयाने म्हातारी होईल. हा आकडा सौर पॅनेलवर रोज भरून रोज वापरणाऱ्यांसाठी अर्थपूर्ण आहे.

एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो. चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टच्या वर भरला जाऊ नये आणि २.५ व्होल्टच्या खाली उतरू नये. हे पाहणारे मंडल म्हणजे बॅटरी व्यवस्थापन प्रणाली, बाजारातील भाषेत बीएमएस. एखादा सेल मर्यादा ओलांडू लागला, प्रवाह फार वाढला किंवा तापमान चढले की बीएमएस बॅटरीचा प्रवाह तोडून टाकते, आणि सेलमधील लहानसहान तफावत हळूहळू भरून काढते. बीएमएसशिवाय लिथियम बॅटरी वापरण्याचा विचारसुद्धा करू नये.

इन्व्हर्टरच्या बाबतीत ‘प्युअर साइन वेव्ह’, म्हणजे घरच्या विजेसारखीच सलग लहर देणारा, एवढेच पाहिले तरी पुरे. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखे गुणगुणतात, मोटारी तापतात आणि नाजूक उपकरणे कधीकधी चालतच नाहीत.

## तयार यंत्रात पैसे कशाचे जातात

चांगल्या कंपनीच्या यंत्रात सेल एकाच तुकडीतून निवडलेले असतात, जोडण्या यंत्राने वेल्ड केलेल्या असतात, तापमान मोजून पंखा फिरतो आणि सर्व भाग एकमेकांना ओळखतात. पडद्यावर ‘६२ टक्के, ४ तास १० मिनिटे’ असा आकडा दिसतो, त्यामागेही बरीच मेहनत असते. एलएफपीचे व्होल्टेज २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे मल्टिमीटर लावून किती वीज उरली हे कळत नाही. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह अखंड मोजत राहावा लागतो.

ही किंमत वाजवी आहे का? यंत्र सतत हलवायचे असेल तर नक्कीच आहे. भाड्याच्या घरात राहणारे, गाडीतून शूटिंगला जाणारे, आठवडी बाजार किंवा प्रदर्शनात गाळा लावणारे, कार्यक्रमाच्या ठिकाणी ध्वनियंत्रणा नेणारे यांनी घरी संच जुळवण्याच्या फंदात पडू नये. धक्के सोसणारे, उलटले तरी न बिघडणारे, बारा किलोत बसणारे खोके घरी बनवणे फार कठीण असते.

पण तयार यंत्राच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सारे काही एकाच सर्किट-पाटीवर असल्यामुळे चार्जरचा भाग जळला तरी बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही निरुपयोगी होतात, आणि गल्लीतला दुरुस्तीवाला ते उघडायला धजत नाही. म्हणून अशा यंत्राची खरी किंमत त्याच्या सेवा केंद्राच्या पत्त्यावर ठरते. जिल्ह्याच्या ठिकाणी सोडा, पण पुण्या-मुंबईत तरी दुरुस्ती होते का, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे. लेबलवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आहे का तेही पाहावे. सुवाह्य उपकरणांतील लिथियम सेल व बॅटरींसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे. ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो.

अमेरिकेतील मुलाला किंवा भाच्याला ‘येताना एक घेऊन ये’ असे सांगणाऱ्यांसाठी येथेच थांबून दोन गोष्टी सांगायला हव्यात. प्रवासी विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी हातसामानात चालते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे ती नेताच येत नाही. अगदी लहान पॉवर स्टेशनसुद्धा सहसा या मर्यादेच्या वर असते. दुसरे म्हणजे, अमेरिकेत विकले जाणारे यंत्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज देते. आपला पंखा आणि फ्रिज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर चालतात.

सौर पॅनेल जोडतानाही मर्यादा आडवी येते. छपरावर बसवायच्या ५४० वॅटच्या पॅनेलचे भार नसतानाचे व्होल्टेज पन्नासच्या आसपास असते. अनेक छोटी यंत्रे जेमतेम ३० व्होल्टपर्यंतचे पॅनेल घेतात; मोठ्यांची मर्यादा बहुधा ६० व्होल्टची असते. तेव्हा एक पॅनेल चालेल, पण असे दोन मालिकेत जोडले तर शंभर व्होल्ट होऊन यंत्राचा तो भाग जळेल.

## घरी जुळवताना धोका नेमका कुठे असतो

व्हिडिओ पाहून असा समज होतो की सेल जुळवणे हेच सारे कौशल्य आहे. माझ्या मते खरी कसोटी जाड तारांच्या टोकांवर लागते, आणि का ते आकड्यांतच पाहणे बरे. २३० व्होल्टवर १००० वॅट चालवायला साधारण ४.३ अँपिअर पुरतात. तोच भार १२.८ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यायचा तर, इन्व्हर्टरचा तोटा धरून, सुमारे ९० अँपिअर लागतात. जोडणीवरील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखादा लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, नीट न दाबल्यामुळे तिथे एका ओहमचा शंभरावा हिस्सा एवढाच रोध राहिला, तर घराच्या वायरिंगमध्ये तिथे पाव वॅटही उष्णता निर्माण होणार नाही. बॅटरीच्या तारेवर मात्र त्याच सांध्यात ८० वॅट उष्णता होईल. बाजारातील नेहमीचे सोल्डरिंग आयर्न २५ ते ६० वॅटचे असते, एवढे सांगितले की पुरे.

म्हणून पकडीने दाबलेला लग इथे चालत नाही. लग तारेवर घट्ट दाबून बसवणारा हायड्रॉलिक क्रिम्पर लागतो. तार किमान २५ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड लागते. कोकणात खाऱ्या हवेने तांबे लवकर काळे पडते, तेव्हा कथिलाचा मुलामा दिलेले लग घ्यावेत आणि वर्षातून एकदा नट पुन्हा आवळून पाहावेत. हजार-दीड हजार वॅटच्या वर भार जाणार असेल तर १२ ऐवजी २४ व्होल्टचा संच बांधावा. प्रवाह निम्मा होतो आणि त्याच सांध्यातील उष्णता चौथा हिस्सा उरते.

दुसरा धोका फ्यूजचा. एलएफपी सेलचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की धन आणि ऋण टोकांवर पाना पडला तर क्षणात हजारो अँपिअर वाहू शकतात. साधा फ्यूज अशा वेळी वितळतो खरा, पण वितळल्यावर आत पेटलेली ठिणगी विझवण्याची ताकद त्याच्यात नसते. त्यासाठी टी-वर्गाचा किंवा तेवढाच मोठा शॉर्ट-सर्किट प्रवाह तोडू शकणारा फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लगटून बसवावा लागतो. तसेच घरातल्या मीटरपेटीतील नेहमीचा एसी एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, बॅटरीच्या बाजूला लावू नये. घरातला एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह शून्यावर येतच नाही आणि ठिणगी पेटती राहते. सौर यंत्रणांमुळे डीसीसाठीचे एमसीबी आता तालुक्याच्या दुकानांतही मिळू लागले आहेत, पण मागताना ‘डीसी’ हा शब्द उच्चारावाच लागतो.

तिसरी अडचण सेलच्या दर्जाची. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, आणि ऑनलाइन तर सर्रास, नवे म्हणून विकले जाणारे सेल पहिल्या प्रतीचे, दुसऱ्या प्रतीचे की एखाद्या वाहनातून काढून नवे वेष्टन चढवलेले, हे नुसते बघून सांगता येत नाही. प्रत्येक सेल पूर्ण भरून, ठरावीक भारावर रिकामा करून त्याची क्षमता मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे आणि त्याला दिवसच्या दिवस लागतात. शिवाय एकापुढे एक जोडण्यापूर्वी चारही सेल समांतर (धन टोके धन टोकांना, ऋण ऋणांना) जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत एकाच पातळीवर आणावे लागतात, नाहीतर एक सेल भरला की बीएमएस चार्जिंग थांबवते आणि बाकीचे तीन अर्धपोटी राहतात. ज्याला हे वाचताना उत्साह वाटला त्याने जरूर करावे. ज्याला कंटाळा आला, त्याने सेलच्या नादी लागू नये.

## ‘पण निम्म्या किमतीत होते ना?’

व्हिडिओतील हिशेबात सेल, बीएमएस आणि इन्व्हर्टर धरलेले असतात. त्यात चार्जर, फ्यूज, डीसी एमसीबी, तारा, लग, बसबार (तारा एकत्र जोडण्याची धातूची पट्टी), पेटी, प्रवाह मोजणारा मीटर आणि कुरिअरचे पैसे मिळवावेत, आणि मग क्रिम्पर व डीसी क्लॅम्प मीटर ही अवजारेही धरावीत. एका युनिटच्या आसपासचा संच असेल तर एवढे सगळे मिळवल्यावर बचत बहुतेक विरघळून जाते. संच मोठा होत गेला की चित्र पालटते, कारण साठवण दुप्पट-तिप्पट केली तरी इन्व्हर्टर, चार्जर आणि पेटी तीच राहते. वाढतात ते फक्त सेल. २८० अँपिअर-तासांचे चार एलएफपी सेल घेतले तर सुमारे साडेतीन युनिट साठवण होते आणि वजन वीस-बावीस किलो भरते. एवढ्या क्षमतेच्या तयार यंत्रापेक्षा हा संच खरोखरच बराच स्वस्त पडतो. थोडक्यात, लहान आणि हलते असेल तर तयार, मोठे आणि एका जागी बसणारे असेल तर जुळवलेले, असा कल आकडेच दाखवतात.

## मधला मार्ग

महाराष्ट्रातील बहुतेक घरांना या दोन टोकांच्या मधला पर्याय सोयीचा आहे आणि त्याविषयी कुणी व्हिडिओ करत नाही, कारण त्यात नाट्य नाही. १२.८ किंवा २५.६ व्होल्टची, आत बीएमएस असलेली, सीलबंद आणि हमीसह मिळणारी एलएफपी बॅटरी घ्यावी. लिथियमची सेटिंग असलेला इन्व्हर्टर वेगळा घ्यावा. छपरावर पॅनेल असेल तर एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून मिळू शकणारी जास्तीत जास्त वीज काढून घेणारा नियंत्रक, वेगळा घ्यावा. सेल जोडण्याचे सर्वांत जोखमीचे काम कारखान्यात झालेले असते आणि उरलेल्या जोडण्या सौर यंत्रणेचा अनुभव असलेला वायरमन करू शकतो. पाच वर्षांनी इन्व्हर्टर बिघडला तर फक्त तोच बदलायचा.

यात एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. घरी आधीच असलेला इन्व्हर्टर शिशाच्या ट्यूब्युलर बॅटरीसाठी बनवलेला असतो आणि काही इन्व्हर्टर त्या पद्धतीने भरताना १४.६ व्होल्टच्या वर जातात. चार एलएफपी सेलची कमाल मर्यादा नेमकी १४.६ आहे. बीएमएस अशा वेळी बॅटरीचा प्रवाह तोडून तिला वाचवते, पण प्रवाह तुटला की इन्व्हर्टर गोंधळतो आणि ऐन वेळी अंधार होतो. चार्जिंगचे व्होल्टेज बदलता येत नसेल तर त्या इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी लावू नये.

## ‘लिथियम पेट घेते, त्यापेक्षा जुना इन्व्हर्टर बरा’

या आक्षेपात दोन वेगळे मुद्दे आहेत. मोबाइल आणि स्कूटर पेटल्याच्या बातम्यांमुळे सर्व लिथियम एकाच मापाने मोजले जाते. एलएफपी हे रसायन एनएमसीच्या मानाने बऱ्याच जास्त तापमानापर्यंत स्थिर राहते आणि तापल्यावर आगीला खतपाणी घालणारा ऑक्सिजन सहज सोडत नाही. तरी आतील द्राव ज्वलनशील असतोच, त्यामुळे ‘एलएफपीला आग लागूच शकत नाही’ हा विक्रेत्याचा दावा खोटा आहे. स्वतः जुळवलेला संच झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या एकमेव दाराशी ठेवू नये. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरीच्या अंगचे तापमान त्याहून कितीतरी जास्त होते आणि अशा अवस्थेत ती भरणे तिच्या आयुष्याला मारक ठरते.

दुसरा मुद्दा जुन्या इन्व्हर्टरचा, आणि त्यात तथ्य आहे. १५० अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात; तिचे आयुष्य राखायचे तर साधारण निम्मेच वापरावेत. तिचे वजन पन्नास किलोंच्या पुढे, पाणी घालावे लागते, भरायला रात्र जाते. पण ती चार-सहा वर्षे टिकते, गावोगावी दुरुस्त होते आणि जुनी झाली की शिशाच्या भावाने तिचे रोख पैसे मिळतात. महिन्यातून दोन-चार तास वीज जाणाऱ्या आणि एकाच जागी राहणाऱ्या घराला याहून अधिक कशाची गरज नसते. जाहिरात पाहून चालता इन्व्हर्टर काढून टाकण्याचे कारण मला दिसत नाही.

## घरात रुग्ण असेल तर

झोपेत श्वसनाला मदत करणारे सीपॅप यंत्र आर्द्रता देणारा भाग बंद ठेवल्यास ३० ते ४० वॅटच्या आसपास घेते. रात्रभराचे ३०० वॅट-तास धरले तर लहान तयार यंत्रही पुरते. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र सुमारे ३०० ते ३५० वॅट सतत घेतो आणि एक युनिटचे यंत्र त्याला अडीच तासांच्या आसपासच चालवू शकते. त्यापुढची सोय सिलिंडरचीच ठेवावी लागते, बॅटरीच्या भरवशावर राहून चालत नाही. अशा घरासाठी स्वतः जुळवलेला संच मी सुचवणार नाही. यंत्र निवडताना वीज गेल्यावर ते किती मिलिसेकंदांत भार उचलते हेही पाहावे, आणि उपकरण त्या खंडात बंद पडत नाही ना, याची डॉक्टरांना विचारून दिवसा चाचणी घ्यावी.

## घराच्या वायरिंगला जोडताना

दोन्ही टोकांना प्लग असलेली तार बनवून पॉवर स्टेशनची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून साऱ्या घरात फिरवण्याची युक्ती अजूनही सांगितली जाते. ती कुणीही, कधीही करू नये. मुख्य स्विच बंद करायचा राहिला तर ही वीज उलटी बाहेर जाते, वाटेतल्या ट्रान्स्फॉर्मरमधून तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढू शकतो आणि वादळानंतर खांबावर चढलेल्या महावितरणच्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. घराला जोडायचेच असेल तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची किंवा बॅटरीची, एकच वीज घराला जोडणारा) बसवून, परवानाधारक वायरमनकडूनच. तयार यंत्राच्या सॉकेटमध्ये उपकरण थेट लावण्यास अर्थात काहीच हरकत नाही.

## जुनी झाल्यावर

लिथियम बॅटरीचे भंगारवाला शिशाच्या बॅटरीइतके उत्सुकतेने स्वागत करत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेऊन तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर आणि आयातदारावर टाकली आहे. त्यामुळे तयार यंत्र किंवा सीलबंद बॅटरी घेणाऱ्याला, बिल जपून ठेवले असेल तर, जबाबदार पक्ष सापडतो; सुटे सेल निनावी विक्रेत्याकडून घेणाऱ्याला बहुधा सापडत नाही. त्याने आपले सेल अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे स्वतः पोहोचवावेत आणि नेण्यापूर्वी प्रत्येक सेलची दोन्ही टोके चिकटपट्टीने झाकावीत, कारण क्षमता संपली असे आपण म्हणतो त्या सेलमध्येही तार लाल करण्याइतकी वीज उरलेली असते.